धूर पकडायचा, पण पाणी कोणाचे?

तुमसरकडून तिरोड्याच्या रस्त्याने सकाळी निघालात, तर वीज केंद्राच्या चिमण्या फार लांबून दिसतात. हिवाळ्यात दव पडले की त्यांचा धूर वर न जाता आडवा पसरतो. बांधीवर उभा असलेला कास्तकार तो पाहतो आणि पुन्हा आपल्या कामाला लागतो. धुराचे काय करायचे, ते सरकार पाहील, असा आपला समज. आता सरकार पाहू लागले आहे. म्हणूनच आपणही पाहायला हवे.

फेब्रुवारी २०२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या धुरातला कार्बन वायू पकडणे, वापरणे आणि जमिनीखाली गाडणे यासाठी पाच वर्षांत २०,००० कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. वीज, पोलाद, सिमेंट, तेलशुद्धीकरण आणि रसायने अशी पाच क्षेत्रे त्यात धरली आहेत. त्याआधी नोव्हेंबर २०२२ मध्ये नीती आयोगाने या विषयावर धोरणाचा आराखडा काढला होता. २०५० पर्यंत वर्षाला ७५ कोटी टन कार्बन वायू पकडता येईल, असे त्यात म्हटले आहे. ही चर्चा दिल्ली-मुंबईत चालली आहे. पण ज्या वायूबद्दल ती चालली आहे, तो निघतो आपल्या उशाला. म्हणून हा हिशेब आपल्या भाषेत एकदा मांडून पाहू.

उशाला किती केंद्रे?

तिरोडा हा १ मे १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्याचा तालुका. आज तो गोंदियात आहे, पण वैनगंगा जिल्ह्याची हद्द ओळखत नाही. तिथे २०१२ ते २०१४ या काळात ६६० मेगावॅटचे पाच संच उभे राहिले. एकूण ३,३०० मेगावॅट. पश्चिमेला नागपूर जिल्ह्यात मौद्याला राष्ट्रीय औष्णिक वीज निगमचे २,३२० मेगावॅटचे केंद्र आहे. ते गोसेखुर्दच्या जलाशयातून पाणी घेते. त्यापलीकडे कोराडी आणि खापरखेडा. म्हणजे भंडाऱ्याचा धान उत्पादक दोन्ही बाजूंनी कोळशाच्या विजेमध्ये बसला आहे. वीज बाहेर जाते, राखड आणि धूर इथे राहतो. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बांध फुटला आणि राखड शेतात व नदीत गेली, हे आपण विसरलेलो नाही.

आता हिशेब. कोळशाच्या एका युनिट विजेमागे साधारण ०.९ किलो कार्बन वायू बाहेर पडतो. ३,३०० मेगावॅटचे केंद्र पाऊण क्षमतेने चालले असे धरा. दिवसाला सुमारे ५३ हजार टन आणि वर्षाला दोन कोटी टनांच्या जवळपास वायू झाला. म्हणजे मिनिटाला ३७ टन.

आता देशातला प्रयोग पाहा. मध्य प्रदेशात सिंगरौलीजवळ विंध्याचल केंद्रात ऑगस्ट २०२२ मध्ये कार्बन वायू पकडण्याचे यंत्र सुरू झाले. त्याची क्षमता दिवसाला २० टन. त्या वायूपासून मिथेनॉल बनवायचे, ही कल्पना. प्रयोग चांगला आहे, त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. पण २० टन म्हणजे तिरोड्याएवढ्या केंद्राचा अर्ध्या मिनिटाचा धूर, हे ध्यानात ठेवा. उरलेल्या २३ तास ५९ मिनिटे ३० सेकंदांच्या धुराचे काय, हा खरा प्रश्न आहे.

भरडाईत किती गेले?

धूर पकडतात कसा? चिमणीकडे जाणाऱ्या वायूत कार्बन वायू फार तर १२ ते १४ टक्के असतो. बाकी बहुतेक नत्र. हा धूर एका उंच मनोऱ्यातून सोडतात आणि वरून अमाईन नावाच्या रसायनाचे पाणी पाडतात. ते कार्बन वायू शोषून घेते. मग ते दुसऱ्या मनोऱ्यात नेऊन सुमारे १२० अंशांपर्यंत तापवतात. वायू सुटतो, रसायन पुन्हा कामाला लागते. सुटलेला वायू शंभराहून अधिक पट दाबाने दाबून नळातून पुढे न्यायचा.

गोम आहे ती तापवण्यात. त्यासाठी लागणारी वाफ वीज बनवणाऱ्या चक्रातूनच काढून घ्यावी लागते. वायू दाबायलाही वीज लागते. या सगळ्यात केंद्राच्या विजेपैकी वीस ते तीस टक्के वीज खर्ची पडते. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे, तर शंभर पोती धान गिरणीत नेले आणि पंचवीस पोती भरडाईतच गेली. उरलेल्या विजेचा दर वाढणारच. नाहीतर तेवढीच वीज मिळवायला आणखी कोळसा जाळावा लागेल, आणि आणखी कोळसा म्हणजे आणखी राखड.

हा हिशेब आम्ही आज मांडत नाही आहोत. पवईच्या आय.आय.टी.त प्राध्यापक आनंद राव यांनी अनेक वर्षे हेच काम केले आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात एडवर्ड रूबिन यांच्याबरोबर त्यांनी २००२ साली अमाईनच्या पद्धतीचा तांत्रिक, आर्थिक आणि पर्यावरणीय ताळेबंद मांडला. या विषयावर लिहिणाऱ्यांना आजही तो निबंध ओलांडून जाता येत नाही. पुढे त्यांनी भारतातल्या कोळसा केंद्रांना हे यंत्र लावले, तर विजेचा खर्च किती चढेल, यावर सहकाऱ्यांबरोबर अभ्यास केला. गंधकाचा वायू आणि कार्बन वायू यांचे नियंत्रण एकत्र केले तर खर्च उतरेल का, हाही विषय त्यात आला. आपल्याला मुद्दाम सांगण्यासारखी गोष्ट ही की ते आय.आय.टी.च्या ज्या केंद्रात काम करत आले, ते आहे ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे केंद्र. म्हणजे चिमणीचा हिशेब आणि खेड्याचा हिशेब एकाच छपराखाली होऊ शकतो. दिल्लीच्या फायलीत मात्र ही दोन टेबले वेगळी आहेत.

आधी गंधक, मग कार्बन

या अभ्यासांतली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि तिच्यावर कोणी बोलत नाही. अमाईनला गंधकाचा वायू चालत नाही. धुरात तो असला की रसायन नासते. म्हणून कार्बन पकडण्याआधी धुरातले गंधक काढणारे यंत्र लागतेच लागते. ते बसवण्याचा नियम केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये केला होता. मुदत दोन वर्षांची होती. ती पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच दिली. दिल्ली परिसर आणि दहा लाखांवर वस्तीची शहरे यांच्या दहा किलोमीटरच्या आतली केंद्रे तेवढी बांधील राहिली. अति प्रदूषित भागांतल्या केंद्रांचे प्रत्येकी वेगळे ठरणार.

आता पाहा. एका हाताने पहिल्या पायरीतून सूट द्यायची आणि दुसऱ्या हाताने तिसऱ्या पायरीसाठी पैसे ठेवायचे. पऱ्हेच टाकले नाहीत तर रोवणी कशाची करणार? सूट देताना सरकारने कारणे दिली. आपला कोळसा कमी गंधकाचा आहे आणि यंत्राचा खर्च विजेच्या दरावर पडतो, ही ती कारणे. त्यात तथ्य आहे की नाही, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. पण खर्चाचेच कारण असेल, तर कार्बनचे यंत्र गंधकाच्या यंत्राहून कितीतरी महाग आहे, हे विसरता येत नाही.

पाण्याचे गणित

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. कार्बन पकडायचा म्हणजे रसायन तापवायचे आणि थंडही करायचे. थंड करायला पाणी लागते. ज्या केंद्रात पाण्याने थंडावा दिला जातो, तिथे एका युनिट विजेमागचा पाण्याचा वापर निम्म्याने ते जवळपास दुपटीने वाढतो, असे परदेशी अभ्यासांचे अंदाज आहेत.

२०१५ च्या त्याच नियमाने जुन्या केंद्रांना दर हजार युनिटांमागे ३.५ घनमीटर पाण्याची कमाल मर्यादा घातली. आपण तीनच धरू. ३,३०० मेगावॅटच्या केंद्राला पाऊण क्षमतेने वर्षाला सुमारे ६५ दशलक्ष घनमीटर पाणी झाले. ते निम्म्याने वाढले, तर वरचे ३२ दलघमी. उन्हाळी धानाला हेक्टरी १२ हजार घनमीटर पाणी लागते असे धरले, तर हे वरचे पाणी म्हणजे साडेसहा हजार एकरांवरचा उन्हाळी धान. एका केंद्रापायी.

हा अंदाज आहे, कोणी यंत्र बसवायला निघालेले नाही. कोणत्याही केंद्रावर आम्ही ठपका ठेवत नाही. पण गोसेखुर्दचा इतिहास आपण जगलो आहोत. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. सिंचनाचे स्वप्न अडीच लाख हेक्टरांचे होते. गावे उठली, घरे बुडाली आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी पाण्याची वाट पाहत म्हातारा झाला. ज्या नदीच्या पाण्याची वाटणी अजून पुरी झाली नाही, तिच्यावर नवा वाटेकरी येणार असेल, तर ते आधी कळायला हवे.

गाडणार कुठे?

पकडलेला वायू ठेवायचा कुठे, हाही मोठा प्रश्न. आय.आय.टी. मुंबईचेच विक्रम विशाल आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये देशभराचा अंदाज मांडला. जमिनीखाली ३९५ ते ६१४ अब्ज टन वायू मावू शकेल, असे तो सांगतो. नीती आयोगानेही हेच आकडे घेतले. यात मोठा वाटा खोल खाऱ्या पाण्याच्या थरांचा आणि दुसरा वाटा काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. पण ही कागदावरची क्षमता आहे, प्रत्यक्ष भोके पाडून तपासलेली नाही. घरात कोठी मोठी आहे म्हणजे तिला भोक नाही, असे होत नाही.

बेसॉल्टचे नाव काढले की महाराष्ट्राकडे बोट जाते. पण तो खडक नागपूरच्या आसपास संपतो. आपल्या भंडाऱ्याखाली साकोली आणि सौसर मालिकेचे फार जुने, घट्ट खडक आहेत. चिखला, डोंगरी बुजुर्गचे मँगनीज त्याच सौसर मालिकेतले. तेव्हा वायू गाडायचा झाला, तर नळाने पश्चिमेला न्यावा लागेल. म्हणजे पुन्हा जमीन, पुन्हा मोबदला, पुन्हा सातबाऱ्यावर नोंद.

आइसलंडमध्ये बेसॉल्टचा प्रयोग यशस्वी झाला आहे. २०१२ मध्ये जमिनीत सोडलेल्या वायूचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग दोन वर्षांच्या आत दगड झाला, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. वाचून आनंद वाटतो. पण तिथे वायू पाण्यात विरघळवून सोडतात आणि एक टन वायूला सुमारे २५ टन पाणी लागते. तिरोड्याएवढ्या केंद्राचा नव्वद टक्के वायू या पद्धतीने गाडायचा, तर वर्षाला ४४० दलघमी पाणी झाले. गोसेखुर्दचा उपयुक्त साठा आहे ७४० दलघमी. म्हणजे धरणाचे साठ टक्के पाणी एका केंद्राच्या धुराबरोबर जमिनीत. पाण्याशिवाय वायू सोडण्याचा प्रयोगही अमेरिकेत वॉलुला येथे २०१३ मध्ये झाला आहे, पण तो हजार टनांच्या आसपासचा. आणि बेसॉल्ट म्हटले की कोयनाही आठवावी. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप झाला त्या भागात खोल जमिनीत दाबाने काही सोडण्याआधी दहा वेळा विचार करावा लागेल.

बाहेरचे अनुभव

बाहेरच्यांनी काय केले? नॉर्वेत १९९६ पासून समुद्राखाली वर्षाला दहा लाख टनांच्या जवळपास वायू गाडला जातो. तो कोळशाचा नाही, नैसर्गिक वायूच्या विहिरीतला आहे. तिथे १९९१ मध्ये कार्बनवर कर बसला होता. कर भरण्यापेक्षा गाडणे स्वस्त पडले, म्हणून कंपनीने गाडले. कॅनडात बाउंड्री डॅम येथे २०१४ मध्ये कोळशाच्या सुमारे ११० मेगावॅटच्या संचाला यंत्र बसले. जुन्या संचाच्या नूतनीकरणासह खर्च सुमारे दीड अब्ज कॅनडाचे डॉलर झाला. आजच्या भावाने तो नऊ हजार कोटींच्या घरात जातो. वर्षाला दहा लाख टनांचा वायदा होता, पण पन्नास लाख टनांचा टप्पा गाठायला २०२३ उजाडले. अमेरिकेत टेक्सासमध्ये पेट्रा नोव्हा २०१७ मध्ये सुरू झाले. तेलाचे भाव पडले तसे २०२० मध्ये बंद पडले आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाले.

यातून दोन गोष्टी दिसतात. तंत्र चालते, ते थोतांड नाही. पण कर, अनुदान किंवा गिऱ्हाईक यांपैकी एक तरी पाठीशी असल्याशिवाय ते टिकत नाही. आणि आपले २०,००० कोटी म्हणजे बाउंड्री डॅमसारखे दोन लहान संच. तेव्हा हा पैसा प्रयोगासाठी आहे. आपल्या चिमण्या उद्या स्वच्छ होतील, असे कोणी सभेत सांगितले, तर टाळ्या जपून वाजवा.

मग पैसा टाकायचा कुठे? सिमेंटमध्ये निम्म्याहून अधिक वायू चुनखडी भाजताना त्या दगडातूनच निघतो. इंधन बदलले तरी तो थांबत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिमेंट कारखान्यांना पकडण्यावाचून फारसा दुसरा मार्ग नाही. पोलादाचेही बरेचसे तसेच. युरोपने १ जानेवारी २०२६ पासून आयात पोलाद आणि सिमेंटवर कार्बनची आकारणी सुरू केली आहे, त्यामुळे त्या धंद्यांना घाईही आहे. विजेला मात्र दुसरे मार्ग आहेत. सूर्य आहे, वारा आहे, साठवणूक आहे. आमच्या मते पहिला पैसा तिथे जावा जिथे दुसरा इलाज नाही. नाहीतर आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

बिल कोणाच्या नावावर?

तुम्ही म्हणाल, आमच्या मोटारीचे बिल तर माफ आहे. खरे आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषीपंपांना राज्याची मोफत वीज योजना मार्च २०२९ पर्यंत आहे. पण ते बिल माफ झालेले नाही, तिजोरीवर गेले आहे. वीज महाग झाली की तिजोरीचा भार वाढतो आणि मग माफीची मुदत आठवते. घरातला दिवा, पिठाची चक्की, भात गिरणी यांना तर माफीही नाही.

आणि आधीचा अनुभव पाहा. २०१० मध्ये कोळशावर टनाला ५० रुपये उपकर बसला, स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून. २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. २०१७ मध्ये तो जी.एस.टी.च्या भरपाईत गेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये संपला. कोळशाच्या खाणीजवळच्या आणि चिमणीखालच्या गावांना त्यातले काय मिळाले, हे ज्याचे त्याने आपल्या गावात पाहावे.

कास्तकारावरही बोट येणार आहे, हे लक्षात ठेवा. भरलेल्या बांधीतून मिथेन वायू निघतो आणि तो कार्बन वायूपेक्षा कितीतरी तापदायक आहे. बांधी आळीपाळीने भरली आणि सुकू दिली, तर मिथेन तीस ते पन्नास टक्के घटतो, पाणीही वाचते. ही गोष्ट करण्यासारखी आहे. पण पाणी हवे त्या दिवशी मिळेल, अशी खात्री असेल तरच कोणी बांधी सुकू देईल. लाईन रात्री येणार, डीपी जळाली तर आठवडा जाणार, अशा स्थितीत आज आलेले पाणी आजच भरून ठेवावे लागते. दिवसा भरवशाची वीज दिली तर मिथेनही घटेल आणि रात्री सापाच्या भीतीने बांधावर जाणेही वाचेल. हजारो कोटींच्या यंत्रापेक्षा हा उपाय स्वस्त आहे. फिडरवर सौर वीज आणण्याची योजना चालू आहे. तिचा वेग आपल्या तालुक्यात किती, हे विचारा.

विचारायचे काय?

नवीन संचांची जनसुनावणी होते. कोराडीच्या दोन नव्या संचांची मे २०२३ मध्ये झाली. वीज नियामक आयोगाची दरवाढीची सुनावणी नागपुरात होते. तिथे आपली माणसे भाषण करतात, घोषणा देतात आणि परत येतात. पुढच्या वेळी चार साधे प्रश्न लिहून न्या. गंधकाचे यंत्र बसले का, नसेल तर का? कार्बन पकडण्यासाठी जागा आणि पाणी राखून ठेवले आहे का, आणि ते पाणी कोणाच्या वाट्यातून? वाढीव राखड कुठे टाकणार? आणि वाढीव दर ग्राहकावर किती, तिजोरीवर किती? उत्तर लेखी मागा. ग्रामसभेने ठराव करून मागितले तर अधिक बरे.

आपल्या जिल्ह्यात मालगुजारी तलाव बांधणाऱ्या कोहळी पूर्वजांनी पाळ घालण्याआधी पाहिले ते पाणी कुठून येते आणि सांडवा कुठे निघेल. त्यांच्याकडे पदव्या नव्हत्या, पण पाण्याचा हिशेब आधी आणि कुदळ नंतर, हा क्रम पक्का होता. म्हणून त्यांची तळी आजही बांधी भिजवतात. धूर पकडण्याच्या कामालाही तोच क्रम लावा, एवढेच आपले म्हणणे. हवा स्वच्छ व्हायला हवी, त्यात वाद नाही. पण तिची किंमत वैनगंगेच्या पाण्यात चुकती होणार असेल, तर ती किती, हे काठावरच्या माणसाला आधी सांगा.